निळ्या काठाची चादर

९ जुलै

विहीणबाई, नमस्कार.

आपल्याला विहिणी होऊन तीन वर्षं झाली आणि हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. कारण साधं आहे. माझा फोन नदीने नेला, तुमचा लागत नाही, आणि माझी लेक, म्हणजे तुमची सूनबाई, तिकडे परदेशात बसून शेजारच्या सुताराच्या फोनवर मला रोज फैलावर घेते, "आई, सासूबाईंची चौकशी केलीस का?" आधी आईची चौकशी करावी असं काही तिच्या मनात येत नाही. असो. केली चौकशी. कशा आहात?

आमचं म्हणाल तर लॉन्ड्रीत गळ्याएवढं पाणी आलं. भर दुपारची वेळ होती म्हणून निभावलं. गल्लीतला प्रत्येक माणूस शाळेच्या गच्चीवर वेळेत पोचला. बॉयलर गेला, इस्त्रीची टेबलं गेली, गिऱ्हाइकांचे कपडे एव्हाना समुद्राला मिळाले असतील. काल एक गिऱ्हाईक विचारायला आलं, "माझा करडा कोट झाला का?" म्हटलं, "धुऊन झालाय, वाळायचा बाकी आहे." माझा चष्माही वाहून गेला, म्हणून अक्षर हे असं. ओळी टेकडी चढायला लागल्या तर सांभाळून घ्या.

पण खरं सांगू? पुराने दमवलं नाही तेवढं भेटायला येणाऱ्यांनी दमवलं. येतात, बघतात, चुकचुकतात, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगा म्हणतात. एका फोटोवाल्याने मला फुटकी बादली हातात देऊन दारात उभं केलं. म्हणाला, "मावशी, जरा दुःखी दिसा ना." मी म्हटलं, "बाबा, माझा चेहरा जन्मापासून असाच आहे, हवा तर घे."

आणि वस्तू! शाळेच्या हॉलमध्ये छताला टेकेल एवढा ढीग पडलाय. पोतंभर उंच टाचेचे बूट आलेत. चिखलातून चालायला उपयोगी पडतील असं कुणाला तरी वाटलं असावं. काल तुमच्या टेकडीकडून ट्रक आला, त्यात खोकंभर जुने चष्मे. सुतार म्हणाला, "घाला की त्यातला एखादा." मी कशाला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघू? घेता घेता हात दुखायला लागलेत माझे. लॉन्ड्री सुरू झाली की चष्मा स्वतःचा करीन. एक संस्था गल्ली पुन्हा बांधून देणार आहे, माणसं चांगली आहेत, फक्त प्रत्येक देणाऱ्याला आभाराचं पत्र लिहा म्हणतात. बुटांचे आभार कसे मानायचे तेवढं सुचेना.

तुमचं बरं आहे. पाणी काही टेकडी चढत नाही. फार तर एखादा गालिचा ओला झाला असेल. व्याहीबुवांना नमस्कार सांगा.

तुमची,
खालची विहीण

१५ जुलै

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीने आणि दुसऱ्यांदा हसण्यासाठी. या दिवसांत हसू आलं, त्याबद्दल तुमची ऋणी आहे.

तुमच्या दारात पाणी आलं आणि मला तुमच्याकडे येता आलं नाही, याचं फार वाईट वाटतं. आमच्याकडे जरा ओल आली आहे, मागच्या बाजूला. त्यामुळे सध्या घराचा थोडा कमी भाग वापरतो, एवढंच. आमचे डॉक्टर बरे आहेत. निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी नाद हवाच, तसा यांना गाडीत बसून राहण्याचा लागला आहे. बोलतात कमी. तसे ते पूर्वीही कमीच बोलायचे, हे तुम्हाला लग्नात कळलंच असेल.

आमच्याकडे फोटोवाले आले नाहीत. एका वर्तमानपत्राने मात्र दुरूनच लिहिलं आहे की झाडं तोडून टेकडीवर बंगले बांधले, की टेकडी सरकणारच. त्यांचं काही खोटं नाही. वसाहतीतली बरीच मंडळी आपापल्या नातेवाइकांकडे गेली आहेत, त्यामुळे इथे शांतता आहे.

मदत गोळा करणारी तरुण मंडळी ट्रक घेऊन आली होती. हाताशी होतं ते दिलं. तुमच्यापर्यंत त्यातलं काही पोचलं असेल तर बरं वाटेल.

मुलांना मी "ठीक आहोत" असा निरोप पाठवला आहे. तुम्हीही तेच सांगा. आणि कृपा करून वर येण्याचा त्रास घेऊ नका. रस्ता खचला आहे.

आपली,
वरची विहीण

२४ जुलै

सौभाग्यवती विहीणबाई यांना,

तुमची इच्छा होती ना, तुम्ही दिलेल्यातलं काही माझ्यापर्यंत पोचावं? पोचलं. बरं वाटून घ्या.

आज ढीग उपसायची पाळी माझी होती. टेकडीच्या ट्रकातलं गाठोडं सोडलं, त्यात एक चादर. चष्मा नाही, पण बोटांना ओळख पटायला चष्मा लागत नाही. पांढरी, जाड सुताची, चारी बाजूंनी निळा काठ, आणि कोपऱ्यात माझी खूण, दोऱ्याची बारीक फुली. लेकीच्या लग्नात तुम्हाला दिलेली चादर. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे धुऊन झाले की मी तिचा काठ घालायला बसायचे. तुमच्या घरात काचेची भांडी आणि चांदीचे चमचे येणार हे मला माहीत होतं, म्हणून म्हटलं, आपण आपल्या हातचं देऊ.

लग्नात तुम्ही ती उघडली, घडी केली, बाजूला ठेवली. व्याहीबुवांनी नुसती मान हलवली. एक शब्द नाही. तीन वर्षं मी मनाला समजावत आले की मोठ्या घरची माणसं कमी बोलतात, वापरत तरी असतील.

वापरलीत की! लाल डागांनी भरली आहे, गंज लागल्यासारखी. गाडी पुसायला घेतली होती का? आणि पुसून झाल्यावर वाटलं, खालच्या लोकांना पाठवून देऊ, त्यांना काय, काहीही चालतं?

पुरात माझं सगळं गेलं तेव्हा मी रडले नाही, विहीणबाई. आज हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत रडले. लोकांना वाटलं, पुराचंच.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

खालची

२९ जुलै

विहीणबाई,

तुमचा राग योग्य आहे. मी घाईत दिली. डाग गाडीचे नाहीत, पण त्याने काही फरक पडत नाही. मला क्षमा करा.

त्या दिवशी लग्नात मी बोलायला हवं होतं.

भांडायला म्हणूनसुद्धा वर येऊ नका, एवढी विनंती.

आपली,
वरची विहीण

६ ऑगस्ट

विहीणबाई,

भांडायला येऊ नका म्हणालात, म्हणून मी आले होते.

तुम्हाला दिसले नाही, कारण मी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. चादर तीन पाण्यांतून काढली होती, कडक इस्त्री केली होती, आणि रस्ताभर बोलायचं पाठ करत आले होते. "घ्या तुमची चादर, आमच्या ढिगाला तिची गरज नाही," असं काहीतरी. फार झोंबणारं जमलं होतं, आता पूर्ण आठवतही नाही.

फाटकातून पाहिलं तर घराचा पुढचा दरवाजा जागेवर, पितळी कडी चकचकीत, आणि दरवाजाच्या मागे आभाळ. मला वाटलं, चष्मा नाही म्हणून असं दिसतंय. डोळे चोळले. तरी आभाळच. तुमचा तो मोठा दिवाणखाना, जिथे मी लग्नाच्या बोलणीला बसायलासुद्धा घाबरले होते, तो टेकडीच्या पोटात लाल मातीखाली गेला होता. लाल माती! माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आमच्या नदीचा गाळ काळा. चादरीवरचा डाग लाल. आंधळ्यालाही कळलं असतं, पण रागावलेल्याला नाही कळत.

गाडी ठेवायच्या खोलीचं शटर अर्धं वर होतं. तुम्ही एका छोट्या स्टोव्हवर सूप ढवळत होता आणि व्याहीबुवा गाडीत बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जायला निघाल्यासारखे. गाडी बंद. तुम्ही वाटी नेऊन खिडकीतून दिलीत आणि म्हणालात, "सावकाश, गरम आहे." व्याहीबुवांनी समोरच्या भिंतीकडे बघत सूप घेतलं.

मी एक पाऊल उचललं होतं. मग आठवलं, महिनाभर माझ्या दारात येऊन कोण कोण चुकचुकत उभं राहिलं ते. तुम्ही केस बांधले नव्हते. कुणी तसं बघितलेलं तुम्हाला आवडलं नसतं, मला तरी आवडलं नसतं. म्हणून आले तशी परत फिरले. आता वाटतं, चूक केली की काय. नाही आले तर माणूस म्हणतं कुणी विचारत नाही, आले तर म्हणतं बघायला आले. तुम्हीच सांगा काय करायला हवं होतं.

आणि "जरा ओल आली आहे मागच्या बाजूला" काय? मागची बाजूच नाहीये, विहीणबाई!

मुकाट्याने सामान बांधा आणि खाली या. लॉन्ड्रीवर संस्थेने एक खोली चढवलीय, पुन्हा पूर आला तर मला वर जाता यावं म्हणून. भिंती ओल्या आहेत, पण चारी बाजूंना आहेत.

तुमची,
खालची

११ ऑगस्ट

विहीणबाई,

म्हणजे फाटकापाशी ते तुम्हीच होता. मला सावली दिसली होती, पण वाटलं विमावाला असेल. तो आला असता तरी उपयोग नव्हता. पाण्याने घर पडलं तर विम्यात बसतं, जमीन सरकून पडलं तर बसत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. घर जाताना त्याने हा विचार केला नाही.

आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगते. सकाळी नाश्त्याच्या वेळी आवाज झाला, मोठं कपाट ओढल्यासारखा. आम्ही पुढच्या दारातून बाहेर आलो आणि घर मागच्या मागे गेलं. त्यानंतर जे हाती लागलं त्यात झोपायच्या खोलीतली एक पेटी होती, वरून लाल मातीने माखलेली, आणि आत तुमची चादर. तिच्यातच ठेवली होती मी. वापरली नव्हती, खरं आहे. दरवेळी घडी उलगडायची, काठावरून बोट फिरवायचं आणि वाटायचं, एवढ्या कष्टाची वस्तू अंथरायची कशी? चांगल्या दिवसासाठी ठेवू. असा विचार करणारी माणसं मूर्ख असतात हे मला आता कळलं. पहिल्या आठवड्यात आमच्या दोघांच्या अंगावर कोरडं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि आमच्या अंगावरची लाल माती तिला लागली.

मग ट्रक आला. मी फाटकाशी चादर अंगाभोवती घेऊन उभी होते. फाटकातून गाडी दिसत होती, दरवाजा दिसत होता. एक मुलगी हसून म्हणाली, "काकू, खालच्या वस्तीतल्या लोकांचं सगळं गेलंय हो, काही द्याल?" मला "आमचंही गेलंय" एवढं म्हणायचं होतं. आयुष्यभर देणाऱ्यांच्या बाजूला उभी राहिलेली बाई मी, मला ते वाक्य येतच नव्हतं. म्हणून अंगावरची चादर काढून दिली. ती म्हणाली, "अजून काही?" तर डॉक्टरांचं चष्म्यांचं खोकं दिलं. यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात येणारे लोक जुने चष्मे टाकून जायचे, ते यांनी वर्षानुवर्षं नंबर लिहून जपले होते. गाडीच्या मागे होतं म्हणून वाचलं होतं. मी ते उचललं तेव्हा यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून बोलणं जवळजवळ बंद.

तुमच्या खोलीबद्दल मनापासून आभार. पण येणार नाही. लोकांनी ती तुमच्यासाठी दिली आहे. ज्यांच्याबद्दल वर्तमानपत्र "भोगा आता" म्हणतं, त्यांनी त्यात येऊन राहायचं? कुणी विचारलं तर मी काय सांगू?

आपली,
वरची

१७ ऑगस्ट

विहीणबाई,

तुम्ही फार शिकलेल्या, म्हणून एवढी साधी गोष्ट अवघड करता.

"भोगा आता" वर्तमानपत्रानेच नाही, आमच्या गल्लीनेही म्हटलं. मीही म्हटलं, गालिच्याचं माझं वाक्य पुन्हा काढून वाचा. तुमच्याकडे कुणी बघत नव्हतं, त्यामुळे म्हणायला सोपं गेलं. उलट माझ्याकडे इतके बघत होते की मी कंटाळले. आता हे मला सांगा, माझ्याकडे दया एवढी साठलीय की ठेवायला जागा नाही, तुमच्याकडे एक चमचाभर आली नाही. मग त्यातली थोडी घेऊन जायला काय हरकत? बूट सोडून काहीही न्या.

बरं, ते पटत नसेल तर दुसरं ऐका. ही विनंती नाही, मागणी आहे.

पाण्याने माझा एकटीचाच चष्मा नेला नाही. निम्म्या गल्लीचा नेला. सुताराने परवा खिडकी उलटी बसवली. आमच्या धाकट्या दिरांनी मीठ समजून सूपमध्ये धुण्याचा सोडा टाकला, आणि वर "काहीतरी कमी आहे" म्हणाले. हॉलमध्ये खोकंभर चष्मे पडलेत, पण कुठला कुणाच्या डोळ्याला, हे कुणालाच कळत नाही. जो तो उचलतो, घालतो, चक्कर येऊन खाली बसतो. आता हे चष्मे कुणाचे आहेत, त्यांवर नंबर कुणी लिहिलेत, ते तुम्हीच मला कळवलंत. मग तो माणूस गाडीत बसून भिंत बघतोय आणि इथे लोक सोडा पितायत, हे चालायचं का?

आणि आभाराची पत्रं. संस्थेची बाई रोज मागते. माझ्या ओळी टेकडी चढतात, तुमचं अक्षर मोत्यासारखं. तुमच्याशिवाय ते काम होणार नाही.

शनिवारी सुतार टेम्पो घेऊन येईल. तो बोलतो फार, पण गाडी सांभाळून चालवतो. टेम्पो रिकामा परत आला तर मी त्याच दिवशी सुताराच्या फोनवरून माझ्या लेकीला सगळं सांगेन, मागच्या बाजूच्या ओलीसकट.

तुमची,
खालची

४ नोव्हेंबर

विहीणबाई,

मी तुमच्या डोक्यावर राहते, जिना उतरले तर तुमच्या कपाटावर आदळते, आणि तरी पत्र लिहिते आहे, हे बघून तुम्ही हसाल. टोपलीतून, इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवून खाली सोडते. समोरासमोर आपण दोघी फक्त "चहा घेता का?" आणि "दोरीवर अजून जागा आहे का?" एवढंच बोलतो. उरलेलं कागदावर बरं जमतं.

आज शेवटचं आभारपत्र लिहिलं. बूट पाठवणाऱ्या बाईंना. "आपण पाठवलेले बूट मिळाले. आमच्या सुताराने त्यांच्या टाचा काढून भिंतीत ठोकल्या असून गल्लीतल्या प्रत्येक घरात आता कोट अडकवायला खुंटी आहे. आपल्या चांगल्या अभिरुचीमुळे खुंट्या फार देखण्या दिसतात." शब्दन् शब्द खरा आहे. इतकी वर्षं मी अशी पत्रं घेत आले आणि न वाचता ठेवून देत आले. लिहायला बसल्यावर कळलं की प्रत्येक ओळ लिहिताना माणूस किती वेळ खिडकीबाहेर बघतो.

मुलांना मी परवा स्वतःच सगळं सांगितलं. आधी रडली, मग तुमची लेक म्हणाली, "आता सुट्टीत दोन्ही आयांकडे जायला एकच जिना चढायचा!" चिरंजीव तिकीट काढतो आहे. टेकडीवरच्या जागेवर पुन्हा बांधायचं नाही असं आम्ही ठरवलं. झाडं लावायला देऊन टाकली. सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं, पण नंतर जेवण मात्र छान गेलं. ह्या खोलीचं भाडं तुम्ही घेत नाही, म्हणून मी गल्ल्यावर बसते, आणि तुम्ही गिऱ्हाइकांशी भांडायला मोकळ्या राहता. दोघींची सोय झाली.

डॉक्टरांबद्दल काय लिहू? काल त्यांनी सुताराच्या आईला चष्मा लावला आणि तिने पहिल्यांदा खालून वरच्या कौलांचा रंग ओळखला. ती नाचायचीच बाकी होती. जिना चढताना हे शीळ घालत होते. मी दाराच्या आत बसून राहिले, कारण शीळ थांबेल म्हणून दार उघडायचा धीर झाला नाही. मी सुखी आहे, विहीणबाई. घर गेलं आणि मी सुखी आहे, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

आता एक तक्रार. डोळे तपासायची पाटी टेकडीखाली गेली, म्हणून यांनी तुमच्या चादरीवर लॉन्ड्रीच्या खुणेच्या शाईने अक्षरं काढली. तुम्हीच म्हणाला होतात की डाग काही पूर्ण जात नाही, काय करायचं ते करा. तरी अक्षरं बघून दोन दिवस आमच्याशी बोलला नाहीत. ते सोडा. अख्ख्या गल्लीने चष्मा घेतला, तुम्ही एकट्या अजून हात लांब करून वाचता. "स्वतःचा करीन" म्हणे. बॉयलर आला, लॉन्ड्री सुरू झाली, चष्मा काही आला नाही. काल निळ्या कपड्यांत पांढरे गेले.

मला टेम्पोतून उतरवताना तुम्ही काय सांगितलं होतं? घ्यायला शिका. आता तेच मी तुम्हाला सांगते.

चादरीवरची शेवटची ओळ मुंगीएवढी आहे. डॉक्टर सगळ्यांना तिच्या वरच्या ओळीवर थांबवतात, आणि ज्यांना तीही दिसते त्यांना ओठांवर बोट ठेवायला लावतात. गल्लीत ती आता सगळ्यांना माहीत आहे. मलाही. मी सांगणार नाही.

तुमची,
वरची

५ नोव्हेंबर

विहीणबाई,

टोपली वर ओढा. आत पांढऱ्या कपड्यांवर हे पत्र आहे, आणि हे कपडे पांढरेच आहेत, मी आज नीट बघून वेगळे काढलेत.

तुमचं पत्र हात लांब करून वाचलं. मग तशीच व्याहीबुवांपुढे जाऊन स्टुलावर बसले. त्यांनी खोकं पुढे ओढलं. खोक्यातून एक चष्मा काढला, पुसला, दुसरा काढला. तिसरा नाकावर बसला तेव्हा समोर चादर एकदम जवळ आली. काठ दिसला. मीच घातलेली वीण, दोन ठिकाणी टाका चुकलेला, तीन वर्षं मला माहीत नव्हतं. कोपऱ्यातला लाल डाग दिसला. आता तो मी काढायला जाणार नाही. राहू दे.

व्याहीबुवा म्हणाले, "वाचा." मी मोठ्या अक्षरांपासून सुरू केलं आणि घडाघडा खाली आले. वरच्या ओळीवर थांबवतात म्हणालात ना? मला थांबवलं नाही. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मागे सुतार, दीर, सुताराची आई, सगळे दारात जमलेले. मला काय माहीत, अख्खी गल्ली याच दिवसाची वाट बघत होती!

मग मी शेवटची ओळ वाचली. मोठ्याने, कारण बाकीच्या तशाच वाचल्या होत्या.

"चादर फार सुंदर आहे. लग्नातच सांगायचं होतं."

पुढे अक्षरं पुसट झाली, सगळीच. व्याहीबुवांनी वळून बघितलं आणि घाबरून म्हणाले, "दिसत नाही का? नंबर चुकला वाटतं. काढा, दुसरा देतो."

मी म्हटलं, "नंबर बरोबर आहे. हात लावू नका माझ्या चष्म्याला."

चहा टाकलाय. दोघंही खाली या, तुम्ही आणि तुमची ती शीळ.

तुमची,
खालची